डीएडच्या मुलांना विज्ञान शिकवायचं कसं? (विज्ञानाची पद्धत नव्हे, विज्ञान)

खडूफळा | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी एका अध्यापक विद्यालयात शिकवतो, दक्षिण महाराष्ट्रात. नावगाव विचारू नका, नोकरी टिकवायचीय. डीएलएड म्हणजे जुनं डीएड, प्राथमिक शिक्षक व्हायचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. माझ्याकडे परिसर अभ्यास आणि विज्ञान येतं. प्रवेशाला बारावी कुठल्याही शाखेची चालते, त्यामुळे वर्गात बहुतेक आर्ट्सवाले, ज्यांनी दहावीचा पेपर टाकला आणि विज्ञानाला रामराम केला. हीच मुलं उद्या तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास शिकवणार, कुणी सहावी ते आठवीला सामान्य विज्ञानसुद्धा शिकवणार, कारण झेडपीच्या शाळेत जो असेल तो सगळं शिकवतो.

आता आम्ही त्यांना दोन वर्षं काय देतो? उद्दिष्टं, अध्ययन निष्पत्ती, उद्गामी पद्धत, अवगामी पद्धत, प्रकल्प पद्धत, सूक्ष्म अध्यापन, पाठ टाचण (म्हणजे पाठाचा लेखी आराखडा), मूल्यमापनाची साधनं. सगळं आहे, विज्ञान नाही. म्हणजे स्वयंपाकाच्या कोर्सला भांडी कशी मांडायची ते शिकवलं आणि चूल पेटवलीच नाही असं झालंय.

गेल्या सत्रात मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गटागटात एक सेल, एक टॉर्चचा बल्ब आणि वायरचा एक तुकडा दिला, म्हटलं पेटवा. बल्बचं बूड सेलच्या डोक्यावर टेकवून पोरं बसून राहिली. काहींनी वायरची दोन्ही टोकं बल्बच्या बुडालाच लावली. एक मुलगी म्हणाली, सर होल्डर द्या ना, होल्डरशिवाय कसा पेटेल. बल्बच्या पितळी कडेला वायर लावावी लागते, तिथून आत तार जाते आणि दुसरी तार बुडाशी येते, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. बरं विद्युत परिपथाची आकृती फळ्यावर काढायला सांगितली तर सगळ्यांनी झकास काढली, घन टोक ऋण टोक बाण बिण सगळं. आकृती आणि हातातली वस्तू यांचा काही संबंध असतो हेच डोक्यात नाही.

मुलं ढ नाहीत हो, चांगली हुशार आहेत, शेतात पंप चालू करणारी, गाडीचा प्लग साफ करणारी आहेत.

तर प्रश्न असा की आठवड्याला जेमतेम दोनतीन तास हातात असताना, प्रयोगशाळा नावाची कुलूपबंद खोली असताना, तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं? शिक्षक, पालक, इंजिनिअर सगळ्यांनी लिहा.

---

झेडपीवाला_गुरुजी | रविवार, रात्री १०:४७

सर, +१००. आमच्या शाळेत दरवर्षी छात्राध्यापक येतात आंतरवासितेला, म्हणजे शिकवायच्या सरावाला. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर एक मुलगा चौथीला पाण्याचा पाठ घेत होता. स्टीलच्या ग्लासात बर्फ, बाहेरून थेंब जमले. एक पोरगी म्हणाली, सर ग्लास झिरपतोय. हा गडबडला, पुस्तकात बघितलं, म्हणाला झिरपत नाही, याला सांद्रीभवन म्हणतात, लिहून घ्या. पोरगीने लिहून घेतलं पण चेहऱ्यावरून कळत होतं की तिचा ग्लास अजून झिरपतोय.

मग मधल्या सुट्टीत मी त्याला म्हटलं, ग्लासात हळद कालव आणि परत बर्फ टाक. थेंब पिवळे आले तर ती बरोबर, साधे आले तर ती चूक. तो माझ्याकडे बघतच राहिला. खरं सांगतो, त्यालाही आधी खात्री नव्हती थेंब कुठल्या रंगाचे येतील! दुसऱ्या दिवशी केलं, थेंब पांढरेस्वच्छ, वर्गात नुसता कल्ला. मग पोरं विचारायला लागली की बाहेरचं पाणी आलं कुठून, आणि तिथून खरा पाठ सुरू झाला.

माझं म्हणणं एवढंच की त्यांना शब्द कमी द्या, असले हळदीचे ग्लास जास्त द्या.

---

तर्कट | रविवार, रात्री ११:०५

गुरुजी छान, पण जरा जमिनीवर या. डीएडचं पोरगं कशासाठी डीएड करतंय? नोकरीसाठी. नोकरीला काय लागतं? आधी टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलची वाट बघत म्हातारं होणं. टीईटीचा पेपर एक १५० गुणांचा, त्यात परिसर अभ्यास ३० गुण, सगळे पर्यायी प्रश्न. बल्ब पेटवता येतो का असा प्रश्न मी तरी बघितलेला नाही. सांद्रीभवन मात्र हमखास. मग तो पोरगा सांद्रीभवन पाठ करेल नाहीतर काय करेल?

परीक्षा बदला, पोरं आपोआप बदलतील. बाकी सगळं रविवारचं कीर्तन.

(दिवा घ्या, गंमत केली.)

---

रानजाई_२२ | सोमवार, सकाळी ७:३०

मी डीएलएड दुसऱ्या वर्षाला आहे आणि सरांनी लिहिलंय ती आर्ट्सवाली मीच, म्हणजे त्यांच्या कॉलेजची नाही पण तीच जात. तर्कट यांचं टीईटीचं बरोबर आहे पण अर्धंच.

आम्ही प्रयोग का करत नाही ते सांगते. सराव पाठाला निरीक्षक मागे वही घेऊन बसलेले असतात. प्रयोग फसला की गुण गेले. मुलाने आडवा प्रश्न विचारला आणि मी म्हटलं मला माहीत नाही, आपण शोधूया, तर शेरा येतो "आशयज्ञान अपुरे". मग आम्ही शहाण्या होतो, ज्यात काही बिघडू शकत नाही असंच साहित्य नेतो. थर्माकोलचा ज्वालामुखी, कार्डशीटचं जलचक्र, स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतं, आमच्याकडे एक दुकान तर फक्त डीएडवाल्यांवरच चालतं. जलचक्राच्या त्या चार्टवर निळे बाण मी स्वतः रंगवलेत आणि आज गुरुजींचा हळदीचा ग्लास वाचून मला पहिल्यांदा कळलं की चार्टवरचं ते वर जाणारं पाणी म्हणजे माझ्या खोलीतल्या हवेत आत्ता असलेलं पाणी. हसू नका.

आम्हाला भीती विज्ञानाची नाही, वर्गासमोर चुकण्याची आहे.

---

जुनं_खोड | सोमवार, सकाळी ९:१८

रानजाई, पोरी, हसतंय कोण, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुझा आहे.

हे सगळं आधी कुणीतरी करून बघितलंय. मध्यप्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली १६ मिडल स्कूलपासून सुरू झाला, किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी मिळून. दिल्ली विद्यापीठ आणि मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतली मंडळी गावात येऊन राहायची. पुढे १९८२ ला एकलव्य संस्था निघाली आणि तिने ते काम पुढे नेलं. त्यांच्या शिक्षक प्रशिक्षणाची गंमत ही की तिथे शिक्षकाला "असं शिकवा" म्हणून कुणी सांगतच नव्हतं. मुलांनी वर्गात जे प्रयोग करायचे तेच शिक्षकांनी चार जणांच्या टोळीत बसून आधी स्वतः करायचे, निरीक्षणं लिहायची, दोन टोळ्यांची उत्तरं जुळली नाहीत की भांडायचं. शास्त्रज्ञ बाजूला उभे, पण उत्तर सांगायला नाही, पुढचा प्रश्न विचारायला. आणि एकदा प्रशिक्षण झालं की मोकळे असंही नाही, महिन्याला बैठक, वर्गात काय अडलं ते तिथे घेऊन यायचं.

आणि तर्कट साहेब, परीक्षेचंही त्यांनी केलं होतं. पुस्तक उघडून पेपर लिहायचा आणि प्रयोगाची वेगळी परीक्षा. पाठ करून उपयोगच नाही.

२००२ साली सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चालला हे काही कमी नाही. तो सहावी ते आठवीचा होता, प्राथमिकचा नव्हे, हे खरं, पण शिक्षक तयार करायची रीत तीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. टाकाऊतून विज्ञानखेळणी करणारे आपले अरविंद गुप्ता तिथेच तयार झाले, टेल्कोतून वर्षभराची रजा काढून १९७८ ला गेले होते. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी घेऊन केलेले त्यांचे त्रिकोण चौकोन बघितले नसतील असा शिक्षक नसेल. पण बघणं वेगळं. काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की लोळतो आणि त्रिकोण दाबला तर हलत नाही, हे आपल्या बोटाला कळलं की मग पत्र्याच्या शेडच्या कैचीत त्रिकोण का असतात ते दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही.

---

वायरमन | सोमवार, दुपारी १:०२

खडूफळा सर, अवांतर पण महत्त्वाचं. तुम्हाला ते टॉर्चचे बल्ब मिळाले कुठे? आमच्या मार्केटला फिलामेंटवाला अडीच व्होल्टचा बल्ब आता शोधूनही सापडत नाही, टॉर्च सगळ्या एलईडी झाल्या. आणि पुस्तकातला प्रयोग एलईडी लावून करायला गेलात तर एका सेलवर पेटणारच नाही. सेल दीड व्होल्टचा, लाल एलईडीला साधारण दोन लागतात, पांढऱ्याला तीनच्या आसपास. त्यात एलईडीला उलटसुलट असते, लांब पाय घन टोकाकडे. म्हणजे शिक्षक सगळं पुस्तकाप्रमाणे करणार, एलईडी पेटणार नाही, आणि वर्ग ठरवणार की गुरुजींना येत नाही.

दोन सेल एकामागे एक लावून लाल एलईडी द्या. मग उलटा लावला तर का पेटत नाही हा नवा प्रश्न फुकटात मिळतो. पण दोनच सेल हां, थेट ९ व्होल्टच्या बॅटरीला लावला तर एलईडी जळतो, मध्ये रेझिस्टर घालावा लागतो.

रच्याकने (बाय द वे), तुमच्या पोरांनी वाईट वाटून घेऊ नये. ९० च्या दशकात अमेरिकेत एमआयटी आणि हार्वर्डच्या नव्या पदवीधरांना कॅमेऱ्यासमोर हाच सेल, बल्ब आणि वायर दिली होती, त्यातल्या कित्येकांना जमलं नव्हतं. त्याआधी हार्वर्डच्या पदवीदानाच्या दिवशी ऋतू का बदलतात किंवा चंद्राच्या कला का होतात असं विचारलं तर २३ पैकी २१ जणांनी गडबड उत्तरं दिली, ऋतूंबद्दल बहुतेकांचं म्हणणं उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते. प्रत्यक्षात जानेवारीच्या सुरुवातीला आपण सर्वात जवळ असतो, १४.७ कोटी किलोमीटर, आणि जुलैत सर्वात लांब, १५.२ कोटी.

---

खडूफळा | सोमवार, रात्री ९:२०

वायरमन, बल्ब जुन्या साठ्यातले होते, एका दुकानदाराने माळ्यावरून काढून दिले. संपले की तुमचा एलईडीच. धन्यवाद, हे कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगत नाही.

---

टेक्नोसॅव्ही_सातारकर | सोमवार, रात्री ९:५५

सगळे विज्ञानावरच बोलताय, तंत्रज्ञानाचं काय? माझी बायको डीएड कॉलेजला आहे. तिथे आयसीटी म्हणजे पीपीटी करणे, दीक्षा अॅपचा क्यूआर कोड स्कॅन करणे आणि व्हिडिओ लावणे. वर्गात भलामोठा टच पॅनेल आला की शाळा डिजिटल. आणि आता पोरं पाठ टाचणं चॅटजीपीटीकडून लिहून घेतात, ३०-३५ टाचणं एका रात्रीत, सगळ्यांत तेच "विद्यार्थी कुतूहलाने सहभागी होतात".

---

पाबळकर | सोमवार, रात्री १०:३१

सातारकर, अगदी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. तंत्रज्ञान म्हणजे पडदा असं समीकरण झालंय. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ ला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं वेल्डिंग करतात, रोपवाटिका करतात, वायरिंग करतात, रक्तगट तपासतात आणि ते करता करता विज्ञान शिकतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे यंत्रांवर हव्या त्या वस्तू बनवून बघायची कार्यशाळा, २००२ साली तिथेच आली, मुंबईत पुण्यात नाही, पाबळला!

आता डीएडवाल्यांना वेल्डिंग शिकवा असं नाही म्हणत. पण प्राथमिकच्या शिक्षकाला पक्कड, अडकित्ता, कात्री, चिमटा ह्या सगळ्या तरफाच आहेत आणि टेकू कुठे आहे त्यावर जोर ठरतो हे हातात धरून कळायला हवं. सुपारी अडकित्त्यात टोकाशी धरा आणि मग खिळीजवळ धरा, लगेच कळतं. विहिरीचा रहाट, शिलाई मशीनचं पायडल, प्रेशर कुकरची शिट्टी, हे तंत्रज्ञानच आहे, घरोघरी आहे, फुकट आहे. एमएससीआयटीचं सर्टिफिकेट असलेल्या शिक्षकाला कुकरची शिट्टी का वाजते विचारा.

चॅटजीपीटीवर मात्र मी सरसकट बंदी घालणार नाही. टाचण त्याच्याकडून घ्या, मग त्यातला प्रयोग स्वतः करा आणि कुठे फसला ते लाल पेनने लिहा. गुण लाल पेनला.

---

तर्कट | सोमवार, रात्री १०:४४

लाल पेनची कल्पना आवडली. चक्क सहमत. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

---

अंगणातली_ताई | मंगळवार, दुपारी २:१५

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे, पालघरकडची. तुम्ही सगळे तिसरी-चौथीपासून धरताय, पण मूल प्रश्न विचारायला लागतं ते त्याच्या आधीच आणि ते सर्वात आधी येतं आमच्या सेविकांकडे. राज्यात लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत. सेविकेला पूर्वप्राथमिक शिक्षणाबरोबर वजनं घ्यायची, लसीकरणाला बायकांना बोलावून आणायचं, टीएचआर म्हणजे घरी न्यायचा आहार वाटायचा आणि पोषण ट्रॅकर अॅपवर सगळं भरायचं, रेंज नसताना. त्यामुळे "विज्ञान" म्हटलं की तिच्या पोटात गोळा येतो, अजून एक रजिस्टर आलं वाटतं.

पण आमच्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काय केलं? आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखायला जातात तर कुरणात नेली. बिया, पानं, शिंपले, दगड हेच साहित्य. विकतचं काही नाही. हे आमच्याच मातीत झालंय, बाहेरून काही आणायचं नाहीये.

मी माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांत, सेविकांच्या बैठकीत एकच गोष्ट करते. परातीत पाणी घ्यायचं आणि आधी सांगायचं की काय बुडेल काय तरंगेल. बटाटा, सफरचंद, लाकडाचा जड ठोकळा, छोटासा खिळा. सगळ्या बाया म्हणतात जड ते बुडतं. मग ठोकळा तरंगतो आणि एवढासा खिळा तळाला. मग कुणीतरी वाटी ठेवते, वाटी तरंगते, तीच वाटी तिरकी करून पाणी भरलं की बुडते. एकदा बैठकीची वेळ संपली तरी बाया उठेनात, परातीभोवती वाद चालू. मी घनता हा शब्द काढत नाही. तीन वर्षांच्या मुलाला घनता नकोय, त्याला परात हवीय आणि शेजारी बसून "आता हे टाकलं तर काय होईल रे?" असं विचारणारं माणूस हवंय. आणि मुलाने चुकीचं सांगितलं तर लगेच दुरुस्त न करणारं. हे शेवटचं सगळ्यात अवघड, सेविकेलाही आणि मलाही.

वायरमन दादांना एक विनंती, तुमचे ते प्रयोग लहानांपर्यंत येऊ देऊ नका. घड्याळातल्या बटण सेलसारखे सेल मुलं गिळतात, ते घशात अडकले तर दोन तासांत आतून भाजतं. खेळण्यातसुद्धा स्क्रूचं झाकण आहे का ते बघायला मी सेविकांना सांगते. मला विचाराल तर हेसुद्धा तंत्रज्ञानाचं शिक्षणच आहे.

---

वायरमन | मंगळवार, दुपारी २:४०

ताई, शंभर टक्के. बटण सेल प्राथमिकच्या वर्गातही नकोच, पेन्सिल सेल वापरा.

---

स्टुटगार्टची_सून | मंगळवार, सायंकाळी ७:०५

ताईंचा प्रतिसाद वाचून लॉगिन केलं. माझी मुलगी इथे जर्मनीत बालवाडीत जाते. इथे २००६ मध्ये बर्लिनला एक फाउंडेशन सुरू झालं, त्यांचं कामच बालवाडीच्या शिक्षिकांना असं शोधायला शिकवणं. मुलीच्या बाईंना मी विचारलं की तुम्ही विज्ञान शिकलात का, त्या म्हणाल्या शाळेत मला फिजिक्स अजिबात आवडायचं नाही, पण प्रशिक्षणाला गेले तिथे दिवसभर आम्हीच पाण्यात आणि हवेत खेळलो. म्हणजे फिरून तेच, होशंगाबाद म्हणा, परात म्हणा. फरक एवढाच की इथे बाईंना पोषण ट्रॅकर भरायचा नसतो.

---

खडूफळा | मंगळवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. मी काय ठरवलंय ते लिहितो, झोडपा.

पहिल्या सत्रात पद्धती हा शब्द उच्चारणार नाही. मुलांनी तिसरी ते पाचवीच्या पुस्तकातल्या "करून पहा" कृती स्वतः करायच्या, गटात, आणि आधी अंदाज लिहायचा मगच हात लावायचा. हळदीचा ग्लास, परात, एलईडी, अडकित्ता सगळं घेणार. आणि एक लांबचा प्रयोग, मैदानात काठी रोवून दुपारची सावली दर आठवड्याला मोजायची. दुपारी बाराला सूर्य रोज डोक्यावर असतो असं माझ्या वर्गात जवळजवळ सगळ्यांना वाटतं. आमच्याकडे तो वर्षातून दोनदाच बरोबर डोक्यावर येतो, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. दिल्लीत तर कधीच येत नाही. अडचण अशी की मेमध्ये सुट्टी आणि ऑगस्टमध्ये कोल्हापुरी पाऊस, सूर्य दिसला तर नशीब. तरी काठी रोवणार, सप्टेंबरपासून सावली कशी लांबत जाते ते तरी दिसेल.

दुसऱ्या सत्रात मग टाचण, आपापल्या फसलेल्या प्रयोगांवरूनच.

---

रानजाई_२२ | मंगळवार, रात्री १०:३२

सर छानच आहे, पण एक विचारू? तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीने सराव पाठात वर्गाला सांगितलं की मला माहीत नाही, करून बघू, तर गुण कापणार का?

---

खडूफळा | मंगळवार, रात्री १०:५०

माझ्या निरीक्षणात नाही कापणार, वर दोन वाढवून देईन. पण वार्षिक पाठाला बाह्य परीक्षक येतात, त्यांचं मी सांगू शकत नाही, ते वही उघडून टाचणातले रकाने बघतात.

---

तर्कट | मंगळवार, रात्री १०:५८

मग सोपंय की. टाचणातच एक रकाना वाढवा, "शिक्षकास अपेक्षित नसलेले प्रश्न व त्यांचा शोध". रकाना आहे, तो भरलेला आहे, खाली सही आहे. परीक्षकाची काय बिशाद गुण कापायची.

---

खडूफळा | मंगळवार, रात्री ११:०४

तर्कट, तुम्ही शिक्षण खात्यात होतात का हो कधी? रकाना टाकतो.